तीस डिसेंबर नसलेलं वर्ष

५ सप्टेंबर २०११, सोमवार

आज मॅनेजर मकेरिताबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, निरोपाचंच बोलणं असणार. टेलिफोनचा बोर्ड शुक्रवारी काढून टाकला. आता फोन ज्याच्या त्याच्या टेबलावर आपोआप वाजतो, मधल्या माणसाची गरज उरली नाही. मधला माणूस म्हणजे मी. बावीस वर्षं या कंपनीत झाली. पहिली बारा वर्षं आमच्या या बेटाच्या राजधानीतल्या, अपियाच्या पोस्टातून थैली आणून टेबलोटेबली पत्रं वाटली, पुढची दहा बोर्डावर बसलो.

बाई म्हणाल्या, "दादा, फालानिको ब्रिस्बेनला गेला."

"परत कधी येणार?"

"बायकोमुलं घेऊन गेलाय. कशाला येतोय परत? ईमेलचा सर्व्हर आता तुम्ही सांभाळायचा."

मी म्हणालो, "बाई, माझी शाळा म्हणजे गावच्या पास्टरांची पडवी. तिथे बायबल आणि पाढे, एवढंच शिकवलं."

"बावीस वर्षं टपाल कोण बघतंय? हेही टपालच आहे. थैली दिसत नाही इतकंच."

हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर घरीच जायचं होतं. घरी आल्यावर बायकोला, सुलीआला सांगितलं. तिने केळी सोलता सोलता विचारलं, "म्हणजे तुम्ही आता साहेब?" मी म्हणालो, "साहेब नाही, त्या मशीनचा राखणदार." संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी तिने माझं नाव नेहमीपेक्षा मोठ्याने घेतलं.

७ सप्टेंबर, बुधवार

सर्व्हरची खोली शीतगृहाच्या मागे आहे. इतकी थंड की वेलिंग्टनहून मुलीने पाठवलेला स्वेटर पहिल्यांदाच अंगात घातला. फालानिकोने एक वही ठेवली आहे. लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक होतं, म्हणून त्याने अर्धंच लिहिलं आहे.

समजलं तेवढं असं. आपल्याकडे त्रेसष्ट जणांच्या टपालपेट्या. कुणी पत्र पाठवलं की आमचं मशीन समोरच्या मशीनचं दार वाजवतं, आपलं नाव सांगतं, पत्र देतं. दार बंद असलं तर भांडत नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा वाजवतं, मग अर्ध्या तासाने, असं पाच दिवस. तरीही कुणी उघडलं नाही तर पत्र कारणासह परत आणतं. इतका सोशिक पोस्टमन मी कधी पाहिला नाही, आणि मी स्वतः बारा वर्षं पोस्टमन होतो.

काही कामं ते आपलं आपण करतं. दर शुक्रवारी तीन वाजता जहाजावर चढलेल्या तारोची, म्हणजे आमच्या मोठाल्या अळकुड्यांची, कागदपत्रं ऑकलंडच्या बंदरावर आपोआप पाठवतं. फालानिकोने तशी सोय केली आहे, मला हात लावावा लागत नाही. तेवढी एक काळजी कमी.

१५ सप्टेंबर, गुरुवार

आज कळलं की या खुर्चीवरून मला कुणाचीही पेटी उघडता येते. बाईंचीसुद्धा. कुलूप फक्त इतरांना आहे.

बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसलो. पूर्वी हातात पाकिटं असायची, उजेडात धरली तर आतली अक्षरं दिसायची. तेव्हा कधी धरली नाहीत. पण तेव्हा धरलं असतं तर कुणी पाहिलं असतं. इथे पाहणारा एकच आहे.

दुपारी पेनी आला. पेनी सुलीआचा धाकटा भाऊ, आमच्याच शेडवर गाड्या भरायचा मुकादम. दाराला टेकून हळूच म्हणाला, "दाजी, बाईंनी ऑकलंडच्या मुख्य कचेरीला माझ्याबद्दल काय लिहिलंय, जरा बघा की."

"नाही बघत."

"अहो, एकच ओळ."

"पेनी, तुझी चिठ्ठी मी बाईंना वाचून दाखवली तर चालेल?"

"माझी चिठ्ठी?" तो विचारात पडला. "मी काय लिहिलं होतं?" आणि घाईने निघून गेला.

९ ऑक्टोबर, रविवार

आज चर्चमध्ये बाईंचा फोन तीनदा थरथरला. ऑकलंडला आज सोमवार. त्यांचा आठवडा सुरू होतो तेव्हा आम्ही पांढरे कपडे घालून प्रार्थना म्हणत असतो. आणि आमच्या शुक्रवारी त्यांच्याकडे शनिवार, ऑफिसला कुलूप. आठवड्यातले दोन दिवस असे वाया जातात. म्हणून सरकारने ठरवलंय, वर्षअखेरीस देश दिनांक रेषेच्या पलीकडे न्यायचा. गुरुवार एकोणतीस डिसेंबर संपला की थेट शनिवार एकतीस. मधला शुक्रवार आमच्याकडे येणारच नाही.

जेवणानंतर पेनी आला. तो त्यांच्या चर्चच्या मंडळीप्रमाणे देवाचा सातवा दिवस म्हणून शनिवार पाळतो, म्हणून रविवारी मोकळा असतो आणि आमच्या उमूतली, तापल्या दगडांच्या चुलीतली, पालुसामी, म्हणजे नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं खायला येतो. मी म्हणालो, "पेनी, शुक्रवार गेला तर तुझा सातवा दिवस कोणता?"

"त्यावरच आमच्याकडे भांडणं चाललीत. पण दाजी, सूर्य तर तिथूनच उगवणार ना? डोंगरामागून? मग काय, नुसती पाटी बदलायची."

"इतकं सोपं नसतं ते," मी म्हणालो. त्याला टपालातलं काय कळणार.

२४ ऑक्टोबर, सोमवार

ऑकलंडच्या मुख्य कचेरीतून पत्र आलं. तिथे रसेल म्हणून गृहस्थ आहेत, कंपनीची सगळी मशीनं त्यांच्या हाताखाली. त्यांनी लिहिलंय की दिनांकबदलाच्या वेळी गोंधळ होऊ नये म्हणून अपियाचा सर्व्हर बंद करून सगळं टपाल ऑकलंडला हलवावं. शेवटी विचारलंय, "तुमच्या माणसाला हे झेपेल का?"

बाईंनी पत्र माझ्यापुढे सरकवलं.

"काय लिहू?"

मी विचारलं, "हलवलं तर काय बिघडेल?"

"वादळात परदेशची लाइन तुटली की इथून शेडवर पत्र पाठवायलाही ऑकलंडची वाट बघायची. आणि तुमच्या खोलीत कांदे ठेवायचे."

"आणि मी?"

बाईंनी पेनचं टोपण काढलं. बोर्ड तर आता नाहीच.

मी म्हणालो, "झेपेल म्हणून लिहा." खोटं बोललो की श्रद्धेने बोललो, ते अजून ठरवता आलेलं नाही.

१४ नोव्हेंबर, सोमवार

आज जे केलं ते सगळं लिहून ठेवतो.

देश एक दिवस पुढे जाणार. मशीन देशात आहे. म्हणजे मशीनचं घड्याळ एक दिवस पुढे घ्यायचं. असा माझा हिशेब. आयत्या वेळी धांदल नको म्हणून रंगीत तालीम करावी असं मनात आलं. सकाळी सात वाजता, कुणी यायच्या आत, दहाच मिनिटं घड्याळ मंगळवारवर नेलं.

दहा मिनिटांत एवढं घडलं. रात्रीपासून रांगेत थांबलेली एकोणीस पत्रं उद्याची तारीख लावून बाहेर पडली आणि ऑकलंडच्या दारावरून 'हे पत्र उद्याचं आहे' असं कारण घेऊन तशीच परत आली. मंगळवारच्या सगळ्या आठवणी मोबाइलवर वाजल्या. त्यातली एक पेनीला गेली, "गाडी भरा, बंदरावर न्या." त्याने भरली आणि नेली. जहाज उद्या येणार होतं. तारोची पोती दिवसभर धक्क्यावर उन्हात पडून राहिली.

दुपारी रसेल यांचा फोन आला. "उएलेसे, तुमची पत्रं उद्याहून येतायत."

मी म्हणालो, "साहेब, आमचा उद्या म्हणजे तुमचा आजच ना?"

ते म्हणाले, "मशीनला तसं नसतं," आणि फोन ठेवला. कसं असतं ते सांगितलं नाही.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

एकशे चाळीस पोती मऊ पडली, फेकावी लागली. सकाळी शेडवर गेलो तेव्हा कळलं की पेनीने सगळ्यांना सांगितलंय, वाचायला आपलीच चूक झाली. मी त्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "राहू द्या दाजी. मला रागावून रागावून लोक कंटाळलेत. तुम्हाला नवीन आहे."

तसाच बाईंकडे गेलो आणि काय झालं ते सांगितलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पेनीची नजर घारीसारखी आहे. तो चुकून वाचेल यावर कोण विश्वास ठेवेल? बसा."

ऑकलंडला आता टपाल तेवीस डिसेंबरलाच हलवायचं आहे. बाईंनी तासभर फोनवर वाद घातला. शेवटी असं ठरलं. वर्षअखेरीचं जहाज शनिवारी एकतीसला सकाळी ऑकलंडला लागतं. त्याची कागदपत्रं त्याआधी पोचली पाहिजेत, आणि एकतीसला आमचं टपाल बिनचूक गेलं पाहिजे. गेलं तर सर्व्हर इथेच. एक पत्रही अडलं तर तीन जानेवारीला सगळं ऑकलंडला. बंदरावरचे लोक कागद फक्त आमच्या नोंदलेल्या पत्त्यावरूनच घेतात. मागे कुणीतरी खोट्या पत्त्यावरून त्यांना फसवलं होतं. म्हणजे दुसरी वाट नाही.

"बाई, तुम्ही माझ्यासाठी एवढं..."

"तुमच्यासाठी नाही हो. कांद्यांना ती खोली फार गार पडेल."

१९ नोव्हेंबर, शनिवार

चार दिवस वही आणि जाडजूड माहितीपुस्तक घेऊन बसलो. शब्दकोश फाटायला आला. शेवटी लाज गिळून फालानिकोला ब्रिस्बेनला पत्र लिहिलं. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "काका, घड्याळाला हात लावू नका, आपण कुठे राहतो ते त्याला नव्याने सांगा."

ही ओळ दोन दिवस डोक्यात घोळत होती. आज सकाळी उलगडली.

मशीनच्या पोटात वार नाही, महिना नाही. तिथे एकच मोजणी चालू आहे, एका ठरलेल्या क्षणापासून किती सेकंद झाले एवढीच. ती ऑकलंडला, अपियाला, लंडनला सारखीच. प्रत्येक देश फक्त सांगतो, आमच्यासाठी त्यात इतके तास मिळवा, किंवा इतके वजा करा. आम्ही आजवर वजा करणाऱ्यांत होतो, आता मिळवणाऱ्यांत जाणार. मोजणी ढळत नाही. मी तिलाच हात घातला होता.

पेनीने महिन्यापूर्वी हेच सांगितलं होतं. डोंगरामागून सूर्य, नुसती पाटी. मी ऐकलं नाही, कारण तो मुकादम आणि मी सर्व्हरवाला.

खोलीतला पंखा घुमत होता. मी तिथेच डोळे मिटले. आपण दिवसांना नावं देतो, ती बदलतो, त्यावरून भांडतो. आणि कुठेतरी कुणी एकजण न चुकता मोजत बसलेला आहे.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

देशांच्या वेळांची नवी फाइल मिळाली. या वेळी खऱ्या सर्व्हरला हात लावला नाही. शेडवर वजनाच्या चिठ्ठ्या छापणारं जुनं मशीन धूळ खात पडलं होतं. ते पुसलं, सगळ्या तारा काढून एकटं केलं, त्यात नवी फाइल घातली. मग त्या बिचाऱ्याला एकोणतीस डिसेंबर, रात्रीचे अकरा एकोणसाठ असं सांगितलं आणि समोर बसलो.

सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ. शनिवार, एकतीस डिसेंबर, शून्य शून्य.

पुन्हा केलं. पुन्हा एकतीस. सात वेळा केलं. सातव्या वेळी पेनीला हाक मारून दाखवलं.

तो म्हणाला, "एवढंच? यासाठी एकशे चाळीस पोती गेली?"

"हो."

"मग स्वस्तात सुटलो." आणि तो स्टूल ओढून बसला. "पुन्हा दाखवा बरं."

५ डिसेंबर, सोमवार

नवी फाइल खऱ्या सर्व्हरवर बसवली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, सगळं ठीक. सुटलो असं वाटून शेडवर कोको प्यायला गेलो.

तारो धुणाऱ्या बायकांत लुसीआ आहे. तिचा वाढदिवस तीस डिसेंबरला. बाकीच्या तिला चिडवत होत्या.

"यंदा तुझं वय वाढणार नाही ग बाई."

"मग नवऱ्याला सांगते, यंदा मी चव्वेचाळीसचीच."

"केक खायला कुठल्या दिवशी येऊ?"

"या ना. शुक्रवारी या," लुसीआ म्हणाली. सगळ्या पोट धरून हसल्या.

मीही हसलो. कपातला कोको संपेपर्यंत हसू गेलं. त्या शुक्रवारी आणखी काय काय व्हायचं आहे?

खोलीत परत येऊन मशीनच्या नेमून दिलेल्या कामांची यादी उघडली. सातवी ओळ, दर शुक्रवारी, दुपारी तीन, बंदराची कागदपत्रं. शुक्रवार येणार नाही. मशीन वाट बघत बसेल. ते सोशिक आहे, पुढच्या शुक्रवारपर्यंतही बसेल. आणि कंटेनर ऑकलंडच्या धक्क्यावर सात दिवस.

सप्टेंबरात मी इथेच लिहिलं होतं की तेवढी एक काळजी कमी.

हे काम गुरुवारी तीनला लावलं. आमच्या गुरुवारी दुपारी ऑकलंडला शुक्रवारच असतो. त्यांच्या शुक्रवारी कुणी हात लावलेला नाही. बंदरावरच्या बाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, शुक्रवारी दुपारी मिळाले तर उत्तम. मग उरलेल्या बावीस कामांमधून एकेक करून गेलो. आणखी दोन सापडली, तीही लावून घेतली. लुसीआला सांगायला गेलो की तिच्यामुळे जहाज वाचलं. तिला वाटलं मीही चिडवतोय.

२९ डिसेंबर, गुरुवार

तीन वाजून शून्य मिनिटांनी कागद गेले. तीन वाजून चारला बंदरावरून पोच आली.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "रात्री बारा वाजता खोलीत बसणार ना?"

"नाही बाई. चर्चमध्ये जाणार."

"आणि काही झालं तर?"

"बाराला मी लागणार असेन, तर माझं काम अपुरंच राहिलंय."

बोललो खरा. प्रार्थनेला उभा होतो तेव्हा मात्र मन खोलीतच होतं. मग घंटा सुरू झाली, गावोगावच्या घंटा, घंटेऐवजी टांगलेल्या रिकाम्या सिलिंडरवरचे ठोके, बंदरावरचे भोंगे. सुलीआने माझा हात धरला. शेजारी उभे असलेले म्हातारे डीकन पुटपुटले, "मला काहीच वेगळं वाटलं नाही." मला बरं वाटलं. वाटायला नकोच होतं.

३१ डिसेंबर, शनिवार

या डायरीत शुक्रवारचं पान छापलेलं आहे. छापखाना न्यूझीलंडचा. ते कोरं सोडून पुढे आलो.

सकाळी साडेसहाला खोलीत पोचलो. घड्याळात शनिवार. मन शांत. बाईंनी नवीन वर्षाच्या शुभेच्छांचं पत्र ऑकलंडच्या सगळ्यांना पाठवलं. एका मिनिटात परत आलं. कारण दिलं होतं, "हे पत्र उद्याचं आहे."

चौदा नोव्हेंबरला आलेली तीच ओळ, अक्षर न् अक्षर तीच.

दुसरं पाठवलं, परत. तिसरं, परत. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पेनीही होता. त्यांच्या मंडळीने जुनी मोजणी ठेवायची ठरवलंय, म्हणून त्यांचा आज शुक्रवारच आणि तो कामावर. खोलीत रचलेली कांद्याची पोती मला आत्ताच दिसू लागली होती.

पहिला विचार आला तो घड्याळ एक दिवस मागे घेण्याचा. हात तिकडे गेलाही. मग थांबलो. त्या हाताने एकदा काय केलं ते माहीत होतं. खुर्चीवर नीट बसलो आणि पत्राचा वरचा भाग उघडला, जिथे प्रत्येक मशीन आपली वेळ नोंदवतं. आमच्या नोंदीतली मूळ मोजणी बघितली. मग सिडनीच्या एका ग्राहकाला गेलेलं आजचंच पत्र बघितलं. ते न अडता पोचलं होतं. शेजारच्या देशातल्या सुवालाही पोचलं होतं. ब्रिस्बेनला फालानिकोला एक पाठवलं. मिनिटभरात त्याचं उत्तर, "मिळालं काका, वेळ बरोबर आहे."

सगळ्या जगाला आमची वेळ पटत होती. फक्त ऑकलंडला नाही.

रसेल यांना फोन लावला. मागे लाटांचा आवाज होता.

"उएलेसे, आज एकतीस डिसेंबर आहे. मी समुद्रावर आहे."

"साहेब, तुमचं दार आमची पत्रं परत करतंय."

ते सुस्कारा टाकून म्हणाले, "पुन्हा उद्यावर गेलात ना? मी म्हटलंच होतं. राहू द्या, मंगळवारी सगळं इकडे घेऊ."

"साहेब, आमची वेळ बरोबर आहे. सिडनी घेतंय, सुवा घेतंय, ब्रिस्बेन घेतंय. तुमच्याकडे अपियासाठी वेगळा काही नियम आहे का?"

"वेगळा कशाला असेल?"

"आम्ही आजवर तुमच्या एक दिवस मागे होतो. कुणाला वाटलं असेल की आमची पत्रं शिळ्या तारखेची दिसतात, म्हणून दिवस मिळवून टाकला असेल."

ते बायकोला काहीतरी म्हणाले, गाडीचं दार वाजलं, आवाज बंद झाला. "पाच मिनिटं द्या," एवढंच बोलले.

चाळीस मिनिटं गेली. पेनीने विचारलं, "दाजी, प्रार्थना करू का?" मी म्हणालो, "मनात कर."

फोन वाजला. रसेल म्हणाले, "नियम होता. सहा वर्षांपूर्वीचा. अपियाहून आलेल्या पत्रात चोवीस तास मिळवा." मग म्हणाले, "मीच लिहिला होता."

मी म्हणालो, "मीही नोव्हेंबरात तेच केलं होतं, साहेब."

ते हसले. ते हसतात हे मला माहीत नव्हतं. "आता पाठवा," म्हणाले.

आमचं मशीन तोवर दार वाजवतच होतं. परत आलेली बत्तीस पत्रं मी पुन्हा त्याच्या हाती दिली. एकामागून एक सगळी आत गेली. बाईंनी बंदरावर फोन केला. जहाज लागलं होतं, कागद आमच्या गुरुवारीच तिथे पोचले होते, आमचे सगळे कंटेनर उतरत होते. फोन खाली ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. पेनी म्हणाला, "बाई, आता कांदे कुठे ठेवायचे?"

१ जानेवारी २०१२, रविवार

आज ऑकलंडलाही रविवार. चर्चमध्ये बाईंचा फोन गप्प होता.

पेनीच्या मंडळीचा सातवा दिवसही आता आजच. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, सुलीआच्या माहेरची माणसं आणि आम्ही एकाच दिवशी देवाचं नाव घेऊन एकाच पंगतीला बसलो ते पहिल्यांदा. म्हाताऱ्या सासूबाईंनी विचारलं, "हे सगळं जावयाने केलं?" पेनी म्हणाला, "सरकारने केलं. पण दाजींनी मशीनला समजावून सांगितलं." सासूबाईंनी माझ्या पानात माशाचा मोठा तुकडा वाढला. मी नको म्हणालो नाही.

४ जानेवारी, बुधवार

ऑकलंडचं पत्र. सर्व्हर अपियातच राहील. बाईंनी माझ्या नेमणुकीचा कागद कायमचा करून सही केली.

पत्रात खाली रसेल यांनी स्वतःच्या हाताने जोडलंय. पुढच्या सोमवारी त्यांचं मशीन दुरुस्तीसाठी दुपारभर बंद राहणार आहे. अशा वेळी ऑकलंडला येणारं टपाल थांबायला भरवशाचं ठिकाण लागतं. ते अपियाला थांबवता येईल का, आणि यापुढे नेहमीच? "उएलेसे यांना विचारावं," असं लिहिलंय. या वेळी 'तुमचा माणूस' नव्हतं, नाव होतं.

बाई म्हणाल्या, "काय लिहू?"

मी लगेच म्हणालो, "जागा आहे म्हणून लिहा."

९ जानेवारी, सोमवार

दुपारी दोन वाजता ऑकलंडचं मशीन बंद झालं. दोन वाजून तीन मिनिटांनी त्यांचं पहिलं पत्र आमच्याकडे मुक्कामाला आलं. मग येतच राहिली. लंडनहून, टोकियोहून, त्यांच्याच शेजारच्या गल्लीतून. पेनी, बाई, लुसीआ, सगळे आळीपाळीने दारात येऊन आकडा विचारून गेले. शेवटी चारशे अकरा झाली.

चार सदतीसला ऑकलंडने दार उघडलं. मी सगळी रवाना केली. पाच वाजता रसेल यांचा फोन आला, "किती मिळायला हवीत?"

"चारशे अकरा."

ते मोजत असल्याचं ऐकू येत होतं.

"चारशे अकरा," ते म्हणाले.